चोचीचे भांडे

आई,

तुला जाऊन आता बरीच वर्षे झाली, आणि तुला पत्र लिहिण्याची सवय तर त्याच्याही आधीच मोडली होती. शेवटी शेवटी आपण रविवारी फोनवर बोलत असू आणि त्यातला अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जात असे. तरीही आज तुलाच लिहितो आहे, कारण मध्यंतरी मला एक चांदीची वस्तू सापडली आणि ती कशासाठी आहे हे ओळखण्यात मी बरेच आठवडे घालवले. तू असतीस तर भाजी निवडताना मान वर करून एका शब्दात सांगितले असतेस आणि पुन्हा भाजीकडे वळली असतीस. दुपार आहे. तुझी सून कामावर गेली आहे, अण्णा खिडकीपाशी खुर्चीत झोपले आहेत, आणि त्यांना एकटे सोडता येत नाही म्हणून आम्ही दोघे आळीपाळीने घरी थांबतो, आणि मी आज घरूनच ऑफिसचे काम करायचे ठरवले होते. ते काम समोर तसेच उघडे पडले आहे.

वस्तूविषयी सांगण्याआधी अण्णांविषयी सांगायला हवे. तू गेल्यावर त्यांनी मिरजेचे घर काही वर्षे एकट्याने चालवले, मग मी त्यांना इकडे परदेशात, लोअर हटला आणले. विमानतळावर निघताना त्यांनी एकच अट घातली होती: 'नेतोयस तर ने, पण तिथं कुठल्या संस्थेत टाकू नकोस मला.' मी हो म्हटले. इथे ते बरे रमले. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला 'त्या डेअरीवाल्यानं म्हैस कुठं बांधलीय ते मी अजून शोधतोय' हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की नवखा माणूस खिडकीतून बाहेर पाही. मग गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. उजवा हात गेला. बोलणे आटत आटत एकेका शब्दावर आले. गिळता मात्र नीट येते, असे हॉस्पिटलने तपासून सांगितले, आणि आम्ही त्यातच समाधान मानले. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टने पाणी पिण्यासाठी त्यांना एक प्लास्टिकचा कप दिला, दोन कानांचा, वर झाकण आणि झाकणाला तोटी. त्यांनी तो आपला आपण धरावा, पेशंटने होता होईल तेवढे स्वावलंबी असावे, असे तिचे म्हणणे होते आणि ते योग्यच होते. अण्णांनी तो कप पाहिला आणि म्हणाले, 'मी काय बाळ आहे?' हे त्यांचे शेवटचे पूर्ण वाक्य. त्यानंतर त्यांनी ओठ मिटले. साध्या पेल्यातून द्यावे तर निम्मे अंगावर सांडे आणि त्या ओल्या सदऱ्याकडे ते अशा नजरेने पाहत, की पुन्हा पेला पुढे करायचा धीर होत नसे. चमच्याने दिले तर दोन चमच्यांनंतर मान फिरवत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, की पाणी असेच कमी जात राहिले तर हॉस्पिटलात ठेवावे लागेल, सलाइन लावावे लागेल, आणि त्यानंतर त्यांना घरी सांभाळणे तुम्हाला जमेल का याचा विचार आताच करून ठेवा. म्हणजे शेवटी संस्थाच. मी मान डोलावली. आई, त्या दिवसांत मी सगळ्याच गोष्टींना मान डोलावत होतो.

शनिवारी सकाळी मला थोडी मोकळीक असते. माझ्या पन्नाशीला तुझ्या सुनेने आणि नातीने मिळून मला एक मेटल डिटेक्टर भेट दिला, जमिनीखालचा धातू हुडकणारे यंत्र. 'तुम्हाला हरवलेल्या गोष्टी शोधायचा नाद आहेच, निदान आमच्या कपाटात तरी शोधू नका' असे त्या वेळी बायको म्हणाली. मी ते यंत्र घेऊन पेटोनीच्या किनाऱ्यावर जातो, जिथे परवानगी आहे तेवढ्याच पट्ट्यात, आणि वाळूवरून ते सावकाश फिरवत ओळीने चालतो. बहुतेक वेळा बाटल्यांची बुचे सापडतात. कधी गळाचे शिसे, कधी पोहायला आलेल्या कुणाची किल्ली. मला त्याचे काही वाटत नाही. कानांत तो एकसुरी आवाज असतो, वारा असतो, आणि तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नाही.

एका वादळानंतरच्या शनिवारी, लाटांनी वाळू खरवडून नेलेल्या जागी, आवाज बदलला. कोपरभर खणल्यावर एक काळे पडलेले भांडे हाती आले. तळहातापेक्षा किंचित लांब, होडीसारखे, उथळ. एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला चिमटीत धरून ओढल्यासारखी चोच. त्याला कान नाही, दांडा नाही, बूड टेकवायला पाय नाहीत. किनाऱ्यावर नेहमी भेटणारा एक निवृत्त सुतार आहे, त्याच्याकडेही असेच यंत्र असते. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट केले. 'ग्रेव्हीचं भांडं आहे, मेट.'

मी म्हटले, 'एवढ्याशा भांड्यात कितीशी ग्रेव्ही मावणार? आणि टेबलावर ठेवलं तर आडवं होईल.'

'मग ग्रेव्ही न आवडणाऱ्या माणसाचं असेल,' तो म्हणाला आणि आपल्या वाटेने निघून गेला.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मला असे अर्धवट उत्तर चालत नाही. घरी आणून मी ते कोमट पाण्यात भिजवले, मऊ फडक्याने पुसले, पॉलिश मुद्दाम लावले नाही, कारण त्याने खुणा झिजतात. मग तळाशी उमटलेले छाप भिंगाखाली आले. चालणारा सिंह, म्हणजे चांदी इंग्रजी कसाची. एक अक्षर, ज्यावरून घडवल्याचे वर्ष निघते. राजाचे मस्तक, म्हणजे कर भरलेला. कारागिराची आद्याक्षरे. इथल्या किनाऱ्यावर गोऱ्यांची पहिली जहाजे लागली, त्याच्याही आधी विलायतेत घडलेली ही वस्तू होती. कुणी घडवली, कुठे घडवली, कधी घडवली, सरकारला काय मिळाले, हे सगळे त्या इवल्याशा तळावर लिहिलेले होते. ती कशासाठी आहे एवढेच कुठे लिहिलेले नव्हते. इतका पक्का पुरावा आणि तरीही उत्तर नाही, अशी परिस्थिती माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसाला किती छळते हे तुला सांगायला नको.

मात्र त्या वस्तूकडे पाहताना मला सतत वाटे, की ही आपली ओळखीची आहे. ते का वाटते, तेही लवकरच सापडले. आमच्या देवघरात चोचीचे एक चांदीचे भांडे आहे, त्यातून तुझी सून रोज निरांजनात आणि समईत तेल घालते. आकार वेगळा, आपले अधिक गोल आणि खोलगट आहे, पण चोच अगदी तशीच. मी निष्कर्ष काढला: हे दिव्यात तेल घालायचे भांडे. इंग्रजी चांदीची अडचण होती, पण तीही मी सोडवली. विलायती चांदीची भांडी मुंबईत लिलावात मिळत, कुणीतरी हौसेने घेऊन देवापुढे ठेवले असणार, त्याची पणती किंवा पणतू इकडे नोकरीला आला असणार, आणि गणपती विसर्जनाच्या वेळी निर्माल्याबरोबर ते चुकून समुद्रात गेले असणार. सगळे दुवे कसे नीट जुळत होते. पोलीस स्टेशनात सापडलेल्या वस्तूची माहिती देताना मी वर्णन लिहिले, 'दिव्याच्या तेलाचे भांडे, बहुधा पूजेतील', आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. पुढचे दोन दिवस कुणी त्याला अत्तरदाणी म्हटले, कुणी पंचामृताची पळी, कुणी 'काका, हेल्दी दिसताय' असे भलत्याच फोटोचे उत्तर दिले. ऑकलंडच्या एका बाईंनी ते थेट आपल्या सासूबाईंचे आहे असे जाहीर केले. मी त्यांना फोन केला.

'तुमच्या भांड्याच्या तळाशी काही खूण आठवते का?'

'अहो, देवाचं भांडं उलटं करून कोण बघतं?'

'बरं, चोच डावीकडे वळलेली होती की सरळ?'

'काका,' त्या म्हणाल्या, 'तुम्ही वस्तू परत देताय की ऑडिट करताय?' आणि थोड्या वेळाने त्यांनीच कळवले, की सासूबाईंचे भांडे पुण्यात नणंदेकडे सुखरूप आहे.

हे सगळे मी करत होतो तेव्हा अण्णांचे ओठ मिटलेलेच होते. ते मला दिसत नव्हते असे नाही. उलट, घरात ज्या एका प्रश्नाचे उत्तर माझ्या हाती नव्हते, त्याच्याकडे पाठ करून मी ज्याचे उत्तर मिळू शकेल असा प्रश्न धरून बसलो होतो. तुझी सून एवढेच म्हणाली, की शनिवारी लेकीला पामर्स्टन नॉर्थहून बोलावून घेतले आहे, कारण हॉस्पिटलचा निर्णय घ्यायचा झाला तर तो तिघांनी मिळून घ्यावा.

त्या शनिवारी मी किनाऱ्यावर गेलो नाही. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो आहोत असे समज. मी, तुझी सून, आणि तुझी नात, जिला मराठी सगळे समजते आणि जी उत्तर अर्धेमुर्धे इंग्रजीत देते. मध्ये ते भांडे पडले आहे. अण्णा खिडकीपाशी. त्यांचे ओठ वाळून त्यांवर पापुद्रे आले आहेत आणि नात कापसाने ते ओले करून नुकतीच परत आली आहे. बोलणे ज्या विषयावर करायचे आहे त्यावर कुणीच करत नाही. शेवटी ती भांडे उचलते आणि म्हणते, 'कॅन आय शो आजोबा? थेरपिस्ट म्हणाली ना, वस्तू हातात द्यायच्या.' मी म्हणतो, 'दे, पण पाडतील.' ती ते त्यांच्या डाव्या हातात ठेवते.

अण्णा ते बराच वेळ नुसते धरून बसतात. मग अंगठा चोचीवरून फिरतो. मग ते सदऱ्याच्या टोकाने चोच पुसतात, बाहेरून एकदा, आतून एकदा. त्यांचा उजवा हात, गेलेला, मांडीवर नेहमीच कोपरात वाकून पडलेला असतो. ते भांडे त्या हाताच्या खळग्याशी नेतात, जणू तिथे कुणाचे तरी डोके टेकलेले आहे, आणि अगदी सावकाश, एक थेंबसुद्धा सांडणार नाही अशा बेताने, कलते करतात. आणि आई, ते कलते करताना त्यांचे स्वतःचे तोंड उघडते.

'बाबा!' नात कुजबुजली. 'ही इज फीडिंग समवन. इट्स अ बेबी थिंग!'

'बोंडलं,' तुझी सून म्हणाली. ती उठून थेट देवघराकडे गेली.

मी तिथेच बसून राहिलो, कारण त्या क्षणी मी लोअर हटमध्ये नव्हतो. मिरजेच्या क्वार्टरमधले आपले स्वयंपाकघर. ओट्याच्या बाजूला आजीची खाट, तिला स्वयंपाकाचा आवाज हवा असे म्हणून तू ती तिथे आणवली होतीस. मी कॉलेजातून आलो आहे. तू आजीचे डोके हातावर घेऊन बोंडल्याने तिला मुगाचे कढण पाजते आहेस. दारातूनच मी म्हणतो, 'काय, आज बारसं आहे वाटतं?' तू वर पाहत नाहीस. म्हणतेस, 'थट्टा करायची तर लांबून करू नकोस. इथं बस, हिचा हात धर, आणि मग कर.' मी बसतो. आजीचा हात हलका आणि कोरडा आहे. थट्टा काही सुचत नाही. मग माझ्या लक्षात येते, की प्रत्येक घोटाला तुझे तोंड आजीच्या आधी उघडते आहे, आणि मी विचारतो, 'तू कशाला आ करतेस?' 'मी? मी कुठं आ करते?' म्हणतेस, आणि पुढच्या घोटाला पुन्हा करतेस, तशी आजीसुद्धा हसते आणि कढण तिच्या हनुवटीवरून ओघळते. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की अण्णा तुझ्या जागी बसत. पंचाच्या टोकाने चोच पुसायची त्यांची सवय होती, बाहेरून एकदा, आतून एकदा. आपल्या आईला पाजताना तेही आ करत. माझी ती थट्टा सोडली तर आजीला त्या वेळी कुणी बाळ म्हटले नव्हते, आणि तिलाही तसे वाटले नसावे. तिला कपाची तोटी तोंडात धरून स्वावलंबी व्हायला कुणी सांगितले नव्हते, एवढा फरक होता.

तेच बोंडले तू तुझ्या नातीच्या जन्माच्या वेळी इकडे घेऊन आलीस. बाळाला तपासायला घरी येणाऱ्या नर्सने त्याला स्पष्ट नकार दिला, आणि मी नर्सची बाजू घेतली. आजही बाळाच्या बाबतीत घेईन. तू वाद घातला नाहीस. 'मग तेल तरी घाला यातून, चांदी रिकामी ठेवू नये,' म्हणालीस आणि स्वतःच्या हाताने ते देवापुढे ठेवून दिलेस. त्यानंतर इतकी वर्षे ते माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि माझ्या मनात त्याचे नाव 'तेलाचे भांडे' असे कायम होऊन गेले होते. इंग्रजांचे बोंडले हाती आले तेव्हा मी त्याला तेलाचे भांडे ठरवले, ते केवळ आपलेच बोंडले मी विसरलो होतो म्हणून.

सुनेने ते राखेने घासले, इथे राख म्हणजे उदबत्तीची. मग चिंचेने, मग साबणाने, मग उकळत्या पाण्यात टाकले. निवल्यावर त्यात कोमट पाणी भरून तिने माझ्या हातात दिले. 'तुम्ही द्या. तुम्ही पाहिलंय.' अण्णांना आम्ही नीट ताठ बसवले, मी शेजारी स्टूल घेतले, चोच पुसली. मी बोंडले त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याशी टेकवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटते, माझ्या तोंडाकडे पाहिले. आणि तोंड उघडले. एक घोट. मी थांबलो, गळ्याचा मणी वर जाऊन खाली आला. दुसरा घोट. तिसऱ्यानंतर त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द आला.

'तेल.'

'काय म्हणाले?' सून म्हणाली.

'पाण्याला तेलाचा वास येतोय म्हणतायत.'

'इतकं घासलं मी!' ती म्हणाली आणि रडायला लागली. नात म्हणाली, 'आजोबा, यू आर सो रूड,' आणि तीही. अण्णांनी मात्र चौथ्या घोटासाठी तोंड उघडे ठेवले होते.

हॉस्पिटलचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. अजून झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, असेच जात राहिले तर पाहू. थेरपिस्टने बोंडले हातात घेऊन पाहिले, मी पाणी देतो ते पाहिले, बसायची पद्धत थोडी सुधारली आणि 'स्वीट अ‍ॅज' म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. पोलीस स्टेशनला जाऊन मी वस्तूचे वर्णन दुरुस्त केले. तिथल्या बाईंनी विचारले, याने काही फरक पडतो का. मी म्हटले, पडतो. इंग्रजांतही लहान मुलांना आणि आजाऱ्यांना पाजायला असे भांडे असे, त्याला स्वतःचे नाव आहे, हे मला त्यानंतर एका जुन्या कॅटलॉगमध्ये सापडले. काय शोधायचे हे कळल्यावर ते चटकन सापडले. कुणा बाईने जहाजावर इतके महिने ते सांभाळून आणले असेल, आणि त्यातून कुणाला पाजले, मूल की म्हातारे, हे त्याच्या तळाशी लिहिलेले नाही.

सगळे ठीक झाले असे तुला सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. काही दिवस ते मान फिरवतात. सकाळी ट्रेन पकडण्याआधी एक खेप, संध्याकाळी आल्यावर दुसरी, आणि त्यात घाई चालत नाही. जरा ओतायचा वेग वाढवला की ते ओठ मिटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझी पाठ दुखते. ट्रेनमध्ये मी उभ्या उभ्या झोपतो. आजीच्या वेळी तू कधी दमली होतीस का, हे मी तुला कधी विचारले नाही, आणि आता विचारून उत्तर येण्याचा मार्ग नाही. हे पत्रही टाकायला जागा नाही, तेव्हा ते इथेच राहील.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. देवघरात आता तेलासाठी स्टीलची नवी वाटी आहे आणि बोंडल्याचा वास केव्हाच गेला आहे. पण सकाळी ते भरण्याआधी, स्वयंपाकघरात कुणी नसताना, मी बोटाला तिळाचे तेल लावून चोचीच्या आतून एकदा फिरवतो आणि पुसून टाकतो. मग अण्णा पहिल्या घोटाला आठ्या घालतात आणि म्हणतात, 'तेल.' दिवसभरात ते एवढेच बोलतात.